रोसामेलने आणलेली शेगडी

यातलं मी काहीही रचलेलं नाही. हे माझ्या घरात घडलं, मी जागी असताना घडलं.

साल २०१४. जुलै महिना.

कोयाइके शहरापासून दीड तासावर आमचं गाव आहे. गावाचं नाव देत नाही. यातली माणसं अजून तिथेच राहतात, मीही तिथेच राहते.

माझं नाव नेल्दा. माझी मुलगी ओरियाना त्या एप्रिलमध्ये झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. महिनाभर कोयाइकेच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"दिवसभर घर गरम ठेवाल हो तुम्ही. माझी काळजी पहाटेची आहे. चार वाजता शेगडी विझते आणि सहा वाजता पोर निळं पडतं. पहाटे घर गार पडता कामा नये. कळलं?"

कळलं होतं.

आमच्याकडे जुलै म्हणजे भर हिवाळा, नळ गोठतात. माझं घर दोन खोल्यांचं, फळ्यांचं. जुनी शेगडी पत्र्याची होती. दोन तासांत विझायची. मी आणि माझा नवरा एर्विन आळीपाळीने उठायचो. पण एर्विन रस्त्यावरचं बर्फ काढायच्या यंत्रावर कामाला. निम्म्या रात्री तो घरी नसायचा. एकदा मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा ओरियानाचे ओठ जांभळे झाले होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही कोयाइकेला शेगडी बघायला गेलो.

दुकानदार म्हातारा होता आणि खरं बोलणारा होता. घर केवढं आहे ते विचारलं आणि मान हलवली.

"बाई, तुम्हाला लहान शेगडी हवी आणि रात्रभर पेटणारी हवी. या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत. लहान शेगडीत तीन लाकडं मावतात. चार तास, फार तर पाच. मोठी घेतली तर तुमच्या दोन खोल्यांची भट्टी होईल. मग तुम्ही हवा बंद करणार. हवा बंद केली की लाकूड धुमसतं, धुराड्यात काजळी बसते, आणि एक दिवस धुराडंच पेट घेतं."

"मग माझ्यासारखीने काय करायचं?"

"तीनला गजर लावायचा," तो म्हणाला.

आम्ही हात हलवत परत आलो.

माझा धाकटा भाऊ रोसामेल शेगड्या बसवायचं, धुराडी साफ करायचं काम करायचा. ओरियानाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता तोच. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला.

"दुकानदाराला काय विचारतेस? मला विचार ना. आहे माझ्या नजरेत एक. बुटकी, रुंद, जाड बिडाची. आत विटा लावलेल्या. तुझ्या या कोपऱ्यात मांजरासारखी बसेल, आणि रात्रभर पेटेल."

"कुणाची आहे?"

"एक कुटुंब पुंता आरेनासला चाललंय. नेत नाहीयेत. तू नको ते विचारू नकोस. माझ्या लेकीला माझ्याकडून भेट."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून त्याला कढईतल्या गरम सोपाइपिया, आमच्याकडच्या तळलेल्या पुऱ्या, वाढल्या. त्याने आठ खाल्ल्या.

गुरुवारी, तीन जुलैला, त्याने शेगडी बसवली. खरंच सुंदर होती. काळी, गुडघ्याएवढी. पाय वाघाच्या पंज्यासारखे. दाराची कडी पितळेची, हाताळून हाताळून सोन्यासारखी झालेली.

पण रात्रभर काही पेटली नाही.

पहिल्या तीन रात्री ती पहाटे चारच्या सुमारास विझली. अगदी दुकानदार म्हणाला होता तशी. मी रोसामेलला फोन केला.

"थांब जरा," तो म्हणाला. "नवीन जागा आहे. रुळू दे तिला."

त्याचा आवाज मला थकलेला वाटला. मी म्हटलं, कामं असतील.

मग सोमवार उजाडला. सात जुलै.

मी सातला उठले. आणि खोली... गरम होती.

शेगडीच्या दाराच्या काचेतून बघितलं तर आत चांगली आग होती. नुसते निखारे नव्हते. ज्वाळा होत्या.

मी एर्विनला म्हटलं, "तू उठला होतास?"

"नाही. मला वाटलं तू उठलीस."

आम्ही दोघं हसलो. ओरियाना गुलाबी गालांनी झोपली होती. मला दुसरं काही नको होतं.

राख काढताना शेगडीच्या खालच्या खणात तीन खिळे सापडले. जुने, चौकोनी डोक्याचे. मी फेकून दिले.

मंगळवारी सकाळीही आग होती. राखेत सात खिळे.

बुधवारी झोपण्याआधी मी शेगडीत तीन लाकडं घातली, मग टोपलीत उरलेली मोजली. अकरा. सकाळी उठून मोजली.

अकराच होती...

शेगडीत मात्र लाकूड होतं. अर्धं जळलेलं, चपटं, फळीसारखं. आमची लाकडं गोल ओंडक्यांची असतात. मी चिमट्याने ते बाहेर काढलं. एका बाजूला रंग होता.

निळा रंग.

आमच्या घरात निळं काहीच नव्हतं.

मी एर्विनला ते दाखवलं. त्याने चिमटा हातात घेऊन ते बराच वेळ बघितलं. मग परत आत टाकलं.

"रोसामेलने आणून दिलेल्या लाकडात भंगार मिसळलं असेल," तो म्हणाला आणि बाहेर गेला. माते नावाच्या आमच्या कडू चहाचा पेला तसाच भरलेला ठेवून गेला. तो तसं कधी करत नाही.

शुक्रवार, अकरा जुलै. त्या रात्री खूप बर्फ पडत होतं. एर्विन यंत्रावर गेला होता. घरात मी आणि ओरियाना.

मी ठरवून जागी राहिले. पाळणा पलंगाला लावला. मधलं दार उघडं ठेवलं. पलंगावरून शेगडी सरळ दिसायची.

एक वाजला. दोन वाजले. आग हळूहळू उतरत गेली.

साडेतीनला काच काळी झाली. मला उठून लाकूड घालायला हवं होतं. पण मी उठले नाही. मला बघायचंच होतं.

थंडी जमिनीवरून यायला लागली. आधी पायांना कळते ती.

बर्फ पडत असलं की बाहेरचे सगळे आवाज बुडतात. माझा श्वास मला ऐकू येत होता. ओरियानाचा बारीक, घरघरता श्वास.

आणि मग...

टक.

पितळी कडीचा आवाज.

शेगडीचं दार कुरकुरत उघडलं. उरलेल्या निखाऱ्यांचा तांबडा उजेड जमिनीवर पसरला.

शेगडीसमोर कुणी नव्हतं.

पण तो उजेड... पूर्ण पसरत नव्हता. मधोमध एक जागा काळी राहिली होती. वाकून बसलेल्या माणसाएवढी.

मला ओरडता येईना.

मग लाकूड मोडल्याचा आवाज आला. गुडघ्यावर धरून फळी मोडावी तसा. कडाक्... पुन्हा कडाक्.

आत काहीतरी पडलं. ठिणग्या उडाल्या. आग धरली.

दार लागलं. कडी बसली.

आणि त्या कोपऱ्यातून आवाज आला. म्हातारीचा. एकटं राहणारी माणसं स्वतःशी बोलतात तसा, सवयीचा.

"उद्या आणतो म्हणाला."

थोडा वेळ गेला.

"उद्या नक्की म्हणाला."

मी पाळण्यात हात घातला. ओरियाना जागी होती. रडत नव्हती. ती मान वळवून शेगडीकडे बघत होती, आणि तिचा श्वास घरघरत नव्हता. कपाळाला हात लावला. ऊबदार.

मी पहाटेपर्यंत तशीच बसून राहिले.

सकाळी राखेत एक बिजागरी सापडली.

ओरियाना आल्यापासून मी घराबाहेर फारशी पडलेच नव्हते. आणायचं असेल ते एर्विन आणायचा. त्या शनिवारी तो झोपायला घरी आला आणि मी पोरीला त्याच्याजवळ देऊन दुकानात गेले. मला घरात थांबवेना.

दुकानातल्या इर्माने पीठ मोजता मोजता विचारलं, "आउदोलियाबाईंच्या मातीला तू दिसली नाहीस?"

"कोण आउदोलियाबाई?"

"अगं, चढावरच्या. निळ्या कुंपणाच्या."

माझ्या हातातली पिशवी खाली ठेवावी लागली.

"कधी गेल्या?"

"मंगळवारी सापडल्या. पण रविवारी रात्रीच गेल्या असणार म्हणे. दारं-खिडक्या बंद करून घमेल्यात निखारे घेऊन बसल्या होत्या. निखाऱ्यांचा धूर, दुसरं काय. आणि काय काय जाळलं होतं बिचारीने. खुर्च्या जाळल्या. कपाटाचे खण जाळले. मग कुंपण तोडून तोडून आणलं. अर्धं कुंपण गेलंय."

"शेगडी नव्हती त्यांच्याकडे?"

इर्माने खांदे उडवले. "होती की. त्यांच्या नवऱ्याच्या वेळची. कुठे गेली कुणास ठाऊक. लोक म्हणतात, कोमोदोरोला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने विकून खाल्ली. तसला आहेच तो."

मी पीठ न घेताच निघाले. घरी नाही गेले. चढ चढले.

कुंपण इर्मा म्हणाली तसंच होतं. अर्धं निळं, अर्धं नाहीच. बर्फातून खुंटांची टोकं वर आलेली. दाराला कुलूप नव्हतं.

आत भिंती गारठलेल्या. वर छताला धुराड्याचं भोक, त्यात गोणपाट कोंबलेलं. आणि खाली जमिनीवर, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, एक स्वच्छ चौकोन. वर्षानुवर्षं तिथे काहीतरी उभं असल्यामुळे फळ्यांचा रंग न उडालेला.

चार कोपऱ्यांत चार खळगे.

वाघाच्या पंज्याचे.

मी तशीच रोसामेलच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तो नळी कापत होता. मला बघून त्याने करवत खाली ठेवली. माझे बूट बर्फाने भरलेले बघून त्याला कळलंच असणार मी कुठून आले ते.

"पुंता आरेनासचं कुटुंब," मी म्हटलं. "नाव सांग त्यांचं."

त्याने नळीवरचा लोखंडाचा चुरा हाताने झाडला.

"रोसामेल, मी तुला विचारतेय."

"तिने धुराडं साफ करायला बोलावलं होतं," तो म्हणाला. "मी तिला सांगितलं, शेगडीला चीर गेलीय, जोडून आणावी लागेल. दोन दिवसांत आणतो. मी तिला दुसरी देणारच होतो, नेल्दा. पत्र्याची. कोयाइकेत बघूनही ठेवली होती. पण त्याच रात्री बर्फ सुरू झालं आणि रस्ता बंद झाला."

"तुझ्या शेडमध्ये तीन शेगड्या पडल्यात."

त्याने मागे वळून बघितलं. जणू त्याला त्या पहिल्यांदाच दिसत होत्या.

"त्यांना नळ्या नव्हत्या," तो म्हणाला. "आज करू, उद्या करू, असं झालं. मला काय माहीत ती..."

"चार दिवस, रोसामेल."

"तुझ्या पोरीचे ओठ जांभळे झाले होते. तूच रडत सांगितलंस मला. ती बाई ऐंशी वर्षांची. मी एकट्याने ठरवलं नाही हे." तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "एर्विनला विचार."

घरी आले तेव्हा एर्विन ओरियानाला मांडीवर घेऊन शेगडीसमोर बसला होता. छान दिसत होते दोघं. तेच मला सहन होईना.

"तुला माहीत होतं?"

त्याने पोरीला पाळण्यात ठेवलं. मग बोलला.

"आणली तेव्हा माहीत होतं. रोसामेल म्हणाला, तिला दुसरी देतो. मी म्हटलं, दे लवकर."

"आणि ती गेली हे?"

"मंगळवारी कळलं. मीच रस्ता मोकळा केला त्यांच्या घरापर्यंत."

"पाच दिवस मला बोलला नाहीस."

"तुला झोप लागायला लागली होती, नेल्दा. एप्रिलपासून पहिल्यांदा."

मग तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पण त्याच्या बसण्यावरून मला कळलं, अजून काहीतरी आहे. नवऱ्याचं बसणं कळतं.

"अजून काय?"

"ती आली होती इथे," तो म्हणाला. "गेल्या शनिवारी संध्याकाळी. तू पोरीला घेऊन झोपली होतीस. फाटकापाशी उभी होती. रोसामेलने माझी शेगडी नेलीय, इथे आहे का, असं विचारत होती."

"तू काय म्हणालास?"

"इथे नाही म्हटलं. उद्या आणेल म्हटलं. उद्या नक्की."

त्याच्या मागे शेगडी पेटलेली होती. आमच्या छतातून धूर निघत असणार. फाटकातून तो सरळ दिसतो.

मला वाटलं होतं मी ओरडेन, भांडी फेकेन. तसं काहीच झालं नाही. मी खाली बसले. ज्या दोन माणसांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता त्यांनी, माझ्यासाठी, माझ्या पोरीचं नाव घेऊन, एका बाईला थंडीत बसवलं होतं. आणि मी रोज सकाळी त्या उबेत उठून देवाचे आभार मानत होते.

आता जे सांगते ते सांगायला मला सगळ्यात जड जातं.

मी शेगडी परत केली नाही.

रस्ते बंद होते. ओरियाना अजून चार किलोचीही नव्हती. मी स्वतःला म्हटलं, बाई तर गेल्या, आता घाई कशाची. माझे शब्द रोसामेलच्या शब्दांसारखेच होते. हे मला तेव्हाही कळत होतं.

सप्टेंबरपर्यंत ती शेगडी माझ्या घरात होती.

रोज रात्री पावणेचार वाजता कडी वाजायची. टक. मग कडाक्, कडाक्. मग उद्या आणतो म्हणाला. मी शेगडीसमोर एक खुर्ची ठेवायला लागले, वर लोकरीची चादर. सकाळी चादर गार असायची. बाकी सगळी खोली उबदार, आणि तेवढी चादर बर्फासारखी.

एर्विन घरी असला तरी त्याला ऐकू यायचं नाही. म्हणजे, तो तसं म्हणायचा.

एका रात्री धीर करून मी अंधारात बोलले. "बाई, माफ करा. मला ठाऊक नव्हतं."

आवाज थांबला.

मला वाटलं, गेल्या.

मग फळी मोडल्याचा आवाज आला. कडाक्. आग धरली.

त्या हिवाळ्यात ओरियाना एकदाही आजारी पडली नाही.

सप्टेंबरमध्ये बर्फ वितळलं तेव्हा मी दोघांना बोलावलं आणि शेगडी चढावरच्या घरी परत न्यायला लावली. त्या चौकोनात, त्या खळग्यांत. रोसामेलने धुराडं जोडलं. मग मी त्याला माझ्यासमोर आउदोलियाबाईंच्या कोमोदोरोच्या मुलाला फोन करायला लावला. त्याने सगळं सांगितलं. पलीकडून मुलगा एकच वाक्य बोलला आणि फोन ठेवला. ते वाक्य रोसामेलने मला कधी सांगितलं नाही. त्या वर्षअखेरीस तो गाव सोडून गेला. आता नाताळला फोन करतो. मी दोन मिनिटं बोलते.

आउदोलियाबाई पुन्हा कधी आल्या नाहीत. माझ्या घरी तरी नाही.

आम्ही पुढच्या वर्षी दुकानातूनच दुसरी शेगडी घेतली, साधी, लहान. आणि मी तीनचा गजर लावते. अकरा वर्षं झाली, अजून लावते. एर्विनबरोबरच राहते. संसार चालू आहे. फक्त दारावर कुणी आलं की मी हातातलं काम टाकून स्वतः जाते. त्याला जाऊ देत नाही.

हे सगळं इथेच संपलं असतं, तर कदाचित मी लिहिलं नसतं.

गेल्या जूनमध्ये एर्विनला न्यूमोनिया झाला. तापात होता. मी रात्री तीनला उठून लाकूड घालत होते, तर तो पलंगावरून म्हणाला, "राख काढू नकोस सगळी."

"काय?"

"राख रोज पूर्ण काढतेस तू. थोडी ठेवायची. झोपताना निखारे पुढे ओढायचे, वर राख पसरायची. सगळ्यात जाड लाकूड मागे, भिंतीला लावून. आणि हवा एका बोटाएवढी उघडी. मग लहान शेगडीही सकाळपर्यंत टिकते."

मी हातात लाकूड घेऊन तशीच उभी राहिले. एर्विनला शेगडीतलं काही कळत नाही. त्याने आयुष्यात राख काढलेली नाही.

"हे तुला कुणी सांगितलं?"

तो उशीला टेकून उठून बसला.

"तिने," तो म्हणाला. "फाटकापाशी. मी इथे नाही म्हटलं, तर तिने वर धुराकडे बघितलं. मग आत पोरगी खोकली, ते तिने ऐकलं. आणि मला हे सांगितलं. सगळं नीट, दोनदा सांगितलं. आणि गेली."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कुणी सांगितलं."

मी पलंगाच्या कडेला बसले. पहिल्या तीन रात्री शेगडी विझत होती. मी रोज राख झाडून काढत होते. तिने सांगितलेलं माझ्यापर्यंत पोचलंच नाही... आणि सोमवारपासून ती स्वतः यायला लागली.

"कशी म्हणाली ती?" मी विचारलं. "रागाने?"

"नाही. हळूच म्हणाली. आई सांगते तशी."

मी ते वाक्य धरून ठेवणार होते. खरंच धरून ठेवणार होते.

पण मग मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो तसाच बसला होता... अकरा वर्षांपूर्वी, त्या दुपारी, अजून काहीतरी सांगायचं ठेवून बसला होता तसा.